जामीन राहणं: विश्वास की मूर्खपणा?

ऐरोलीकर (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री 10:42

इथे ख्रिस्ती सदस्य किती आहेत माहीत नाही. पण प्रश्न काही फक्त ख्रिस्ती लोकांचा नाही, म्हणून सगळ्यांसमोर ठेवतो.

पप्पा 71 वर्षांचे. मूळ नगरचे, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात 33 वर्षं काढून निवृत्त झाले. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक जण आहे, चाळिशीचा. दुसऱ्याचा टेम्पो भाड्याने चालवतो. पहाटे वाशीच्या एपीएमसीतून भाजी उचलायची आणि दिवा, कळवा, ऐरोलीच्या भाजीवाल्यांना पोचवायची. त्याला आता स्वतःची गाडी घ्यायची आहे. एक पतसंस्था 6 लाख द्यायला तयार आहे, 12 टक्क्यांनी, 60 हप्ते. दोन जामीनदार हवेत. एक त्याचा मेहुणा. दुसरे व्हायला आमचे पप्पा निघालेत. शनिवारी सही.

माणूस वाईट नाही. पण लॉकडाऊनमध्ये त्याचे हप्ते थकले होते आणि फायनान्सवाल्यांनी आधीची गाडी ओढून नेली होती. हे पप्पांनाही माहीत आहे. मी म्हटलं, पप्पा, हा निव्वळ मूर्खपणा आहे. पप्पांनी चष्मा काढला, बायबल उघडलंसुद्धा नाही, आणि करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय पहिला, तोंडपाठ म्हणून दाखवला. ज्ञानी लोकांना लाजवायला देवाने जगातलं मूर्खपणाचं ते निवडलं, वगैरे. वर म्हणाले, "तू शहाणा झालास, चांगलं आहे."

मम्मी मेथी निवडत होती. ती काहीच बोलली नाही, फक्त काड्या जरा जोरात मोडायला लागली.

तर विचारायचंय हे: विश्वासाच्या नावाखाली केलेल्या व्यवहाराला व्यवहाराचे नियम लागतात की नाही? की मीच अविश्वासी ठरलोय?

शून्य_शिल्लक | रात्री 10:51

सही करू नका. धागा बंद करायला हरकत नाही.

तलावपाळी | रात्री 10:58

एवढ्यात कसा बंद? आत्ताच चहा टाकलाय.

वकीलकाका | रात्री 11:20

धर्माचं मला कळत नाही, कागदाचं सांगतो.

भारतीय करार कायदा, 1872, कलम 128. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. करारात वेगळं लिहिलं नसेल तर "आधी त्याच्याकडून वसूल करा, नाही जमलं तर माझ्याकडे या" असं म्हणायची सोय नाही. पतसंस्था पहिल्या दिवशी थेट तुमच्या वडिलांच्या दारात येऊ शकते, आणि येतेच, कारण टेम्पोवाला दिवसभर सापडत नाही, निवृत्त माणूस घरी असतो. त्यातून सहकारी संस्था कायदा, 1960, कलम 101 खाली वसुली दाखला निघतो, म्हणजे वर्षानुवर्षांचा दिवाणी दावासुद्धा नको. वडिलांच्या पेन्शनवर जप्ती येत नाही, पण मुदत ठेव असेल तर ती काही पेन्शन नव्हे.

आणि सही 6 लाखांची आहे असं समजू नका. 6 लाख, 12 टक्के, 60 महिने म्हणजे हप्ता 13,347. गुणाकार केला तर 8,00,820. वडिलांना हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून द्या.

रुथ_नेरूळ | रात्री 11:47

वकीलकाकांनी कायदा सांगितला, मी वचन सांगते. कारण वचनाला वचनानेच उत्तर दिलं तर तुमचे पप्पा ऐकतील. माझेही तसेच होते.

करिंथमधल्या लोकांना वक्तृत्वाची आणि तत्त्वज्ञानाची भारी हौस होती. मी या गुरूचा, मी त्या गुरूचा असे तट पडले होते. ते पत्र लिहिणारा पौल त्यांना म्हणतो, क्रुसावर खिळलेला तारणारा तुम्हाला मूर्खपणा वाटेल, पण तेच देवाचं शहाणपण. तिथे मूर्खपणा म्हणजे क्रूस. न वाचता कागदावर सही करणं नव्हे!

जामिनाबद्दल बायबल आडून बोलतच नाही. नीतिसूत्रं अध्याय 6, 11, 17, 22, चारही ठिकाणी सरळ सांगितलंय की राहू नकोस. बावीसाव्यात तर विचारलंय, फेडायला जवळ काही नसेल तर अंगाखालचं अंथरूण का काढून न्यावं त्यांनी? सहाव्यात त्याहून गंमत आहे. एकदा शब्द देऊन अडकलाच असशील तर झोपू नकोस, डोळ्याला डोळा लावू नकोस, त्या माणसाकडे जा, नाक घास, पण शिकाऱ्याच्या हातून हरीण सुटतं तसा सूट. आणि येशूने स्वतः विचारलंय, बुरूज बांधायचाय तर आधी बसून खर्चाचा हिशेब कोण करत नाही? (लूक 14.) म्हणजे हिशेब करणं हा अविश्वास नाही. पप्पांना हे दाखवा.

तलावपाळी | रात्री 11:52

तीन हजार वर्षांपूर्वीसुद्धा जामीनदाराची हीच कथा होती तर. बरं वाटलं.

बॉटल_मसाला | बुधवार, सकाळी 7:15

आम्ही कॅथलिक, ईस्ट इंडियन (म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती), चार पिढ्या ठाण्यात. माझे डॅडी 2006 साली जामीन राहिले. माणूस आमच्याच पॅरिशचा, मुलीच्या लग्नासाठी कर्ज. नऊ हप्ते भरले आणि थांबला. उरलेले डॅडींनी भरले. मम्मीच्या दोन पाटल्या गेल्या, त्यातली एक तिच्या आईची होती. माझी इंजिनीअरिंगची फी मामाने भरली.

पैसे गेले ते गेले. त्रास पुढचा. तो माणूस दर रविवारी साडेआठच्या मिस्साला पहिल्या बाकावर. अर्पणाच्या गीताला सगळ्यात वरचा सूर त्याचा. शांतीचं चिन्ह द्यायची वेळ आली की मागे वळून डॅडींशी हात मिळवायचा, हसून. डॅडी हात द्यायचे. मी बारा वर्षं ते बघितलं. शेवटी मी सातच्या मिस्साला जायला लागलो.

शून्य_शिल्लक | सकाळी 7:31

म्हणून म्हटलं धागा बंद करा.

नगरी_मामा | सकाळी 9:04

सलाम मंडळी. वय वर्षं 68, हल्ली मुक्काम कळवा. ऐरोलीकर, तुमचे पप्पा कोणत्या गावचे? शेवगाव-नेवासा बाजूचे असतील तर ओळख निघेल.

रुथताईंचा अभ्यास चांगला आहे, पण अर्ध्यावर थांबला. नीतिसूत्रं म्हणतात जामीन राहू नको, कबूल. आता उत्पत्ती 43 काढा. बन्यामीनाला मिसर देशात न्यायचंय, म्हातारा बाप याकोब सोडायला तयार नाही. त्याचा भाऊ यहूदा काय म्हणतो? मी त्याचा जामीन, माझ्या हातून त्याचा झाडा घ्या. आणि पुढच्या अध्यायात वेळ आली तेव्हा शब्द फिरवला नाही, त्याच्या बदल्यात मी गुलाम राहतो म्हणाला.

मग फिलेमोनाचं पत्र घ्या, एकाच पानाचं आहे. फिलेमोनाच्या घरातून पळालेल्या दासाची, अनेसिमाची, पौल बाजू घेतो. त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं असेल, तर माझ्या नावे मांड. मी पौल हे स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन. ही सही नाही तर काय? आणि शेवटी इब्री 7:22. तिथे प्रभू येशूलाच जामीन म्हटलंय, चांगल्या कराराचा जामीन. शब्दसुद्धा तोच, जा-मी-न.

ज्याला स्वतः जामिनावर सोडवलंय त्याने दुसऱ्याचा जामीन राहायला नको म्हणणं मला जड जातं बुवा.

रुथ_नेरूळ | सकाळी 9:40

मामा, मान्य की वचन आहे. पण पौलाच्या मागे बायको-पोरं नव्हती, आणि मुदत ठेवही नव्हती.

नगरी_मामा | सकाळी 9:46

यहूदाच्या मागे होती.

पढतमूर्ख | सकाळी 10:10

मी ख्रिस्ती नाही, आयडीचं नाव समर्थांकडून उचललंय. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाचा. मूर्ख वेगळा आणि पढतमूर्ख वेगळा, हे वर्गीकरण मला फार आवडतं. पहिल्याला कळत नाही. दुसऱ्याला सगळं कळतं, दुसऱ्याला सांगतोही, स्वतः मात्र तसं वागत नाही.

मूर्खलक्षणांत एक लक्षण असंही आहे की विचारलं नसताना साक्ष देतो तो मूर्ख. तुमच्याकडे साक्ष देण्याचा कार्यक्रम असतो म्हणे. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

तलावपाळी | सकाळी 11:32

साक्षीवरून आमच्या ठाण्याची गोष्ट आठवली. अवांतर आहे, पण पुरतं नाही.

सन 1321. फ्रान्सिस्कन पंथाचे चार साधू चीनला निघाले होते. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिबिलिसीचा देमेत्रियस. वाऱ्याने गलबत ठाण्याला आणलं. तेव्हा ठाण्यात पूर्वेकडच्या नेस्तोरियन मंडळीची काही ख्रिस्ती घरं होती, त्यातल्या एका घरी ते उतरले. यजमानाचं आणि बायकोचं भांडण झालं, त्याने तिला मारलं. ती काझीकडे गेली. साक्षीदार कोण? घरात उतरलेले पाहुणे. साक्षीसाठी गेले आणि गोष्ट धर्मावर घसरली. काझीने विचारलं, थॉमसने आडपडदा न ठेवता उत्तर दिलं, आणि प्राणावर बेतलं. चौघेही मारले गेले.

पाचवा सोबती जॉर्डेनस त्या वेळी भरूचच्या वाटेवर होता म्हणून वाचला. परत येऊन त्याने अस्थी सोपाऱ्याला पुरल्या. पुढे ओदोरिक नावाचा आणखी एक फ्रान्सिस्कन आला आणि त्या अस्थी थेट चीनला घेऊन गेला. जॉर्डेनस 1329 साली कोल्लमचा बिशप झाला.

मासुंदा तलावाजवळ संत योहान बाप्तिस्ता चर्चवरून जाताना मला नेहमी वाटतं, यातला शहाणा कोण? येशूच म्हणाला होता, सापासारखे चतुर आणि कबुतरासारखे साधे व्हा. थॉमसबाबांचं कबुतर झालं, साप राहिला. पण ओदोरिकने त्यांचीच गोष्ट लिहिली, बरोबर उत्तर टाळणाऱ्याची कुणी लिहिली असती का?

रुथ_नेरूळ | सकाळी 11:50

त्या बाईचं पुढे काय झालं?

तलावपाळी | दुपारी 12:15

बाईचं पुढे कुणी लिहिलेलं नाही.

रुथ_नेरूळ | दुपारी 12:16

हं.

कोपरखैरणे_फास्ट | दुपारी 1:05

साप-कबुतर नंतर. मला विश्वासाच्या नावाखाली चालणाऱ्या मूर्खपणावर बोलायचंय, कारण मी पोळलोय.

माझी आत्या, मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. दोन वर्षांपूर्वी एका मैदानातल्या सभेला गेली. तिथल्या प्रचारकाने डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, बरी झालीस, आता सुई टोचलीस तर तो अविश्वास. घरी येऊन तिने इन्सुलिनचं पेन फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खालच्या कप्प्यात ठेवलं आणि चार दिवस हात लावला नाही. पाचव्या दिवशी उलट्या, श्वास जोरजोरात, तोंडाला गोडूस वास. ग्लुकोमीटरवर आकडाच येईना, नुसतं "एचआय". मला आधी वाटलं मशीन "हाय" म्हणतंय. अतिदक्षता विभागात सहा दिवस. वाचली.

डिस्चार्जच्या दिवशी आमचे पाळक भेटायला आले. साधा माणूस. म्हणाले, "आत्या, सैतान प्रभूला मंदिराच्या टोकावर घेऊन गेला आणि म्हणाला मार उडी, देवदूत झेलतील. प्रभूने उडी मारली का?" आत्या म्हणाली नाही. "मग तुम्ही का मारली?"

तेव्हापासून पेन वेळेवर. प्रार्थनाही वेळेवर.

बॉटल_मसाला | दुपारी 1:22

आमच्या बायबलमध्ये बेन सिराचं पुस्तक आहे, अध्याय 38: वैद्याचा मान राख, त्याला देवानेच नेमलंय, आणि शहाणा माणूस औषध झिडकारत नाही. तुमच्या प्रोटेस्टंट बायबलमधून ते पुस्तक वगळलं, भोगा आता.

कोपरखैरणे_फास्ट | दुपारी 1:25

खिक्. सभेत अर्धे कॅथलिक होते पण.

नगरी_मामा | दुपारी 1:40

आमच्यातही आहे हो. हिज्कीया राजाला गळू झालं तेव्हा यशयाने प्रार्थनेचं उत्तरही आणलं आणि अंजिरांचा लेपही लावायला सांगितला. 2 राजे 20. दोन्ही एकदम.

सत्यशोधक_77 | दुपारी 2:02

[प्रतिसाद संपादकांनी काढला आहे.]

संपादक | दुपारी 2:10

विषय जामीन राहण्याचा आहे. कोणी कोणता धर्म का घेतला हा इथला विषय नाही.

पढतमूर्ख | दुपारी 2:30

काढलेला प्रतिसाद मी वाचला होता. उत्तर लिहायला घेतलं होतं, राहिलं.

रुथ_नेरूळ | दुपारी 2:44

बरं झालं. नीतिसूत्रं 26:4 म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस, नाहीतर तूही त्याच्यासारखा होशील. लगेच पुढची ओळ, 26:5, म्हणते मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. शेजारी-शेजारी ठेवलीत दोन्ही, कुणी जुळवून घ्यायच्या भानगडीत पडलं नाही. लहानपणी मला वाटायचं छापताना चूक झाली. आता मंचावर आठ वर्षं काढल्यावर दोन्ही ओळी लागतात.

पढतमूर्ख | दुपारी 2:51

हे भारी आहे. संपादकांनी मंचाच्या नियमांत टाकावं.

खारघर_वळण | संध्याकाळी 6:20

दिवसभर वाचतोय. सगळे जामीन राहणाऱ्याच्या बाजूने लिहिताहेत. मी दुसऱ्या बाजूचा आहे. माझ्यासाठी कुणीतरी राहिलं होतं.

1998. वडील वारलेले, आयटीआय करून मी बेकार. एका वर्कशॉपमध्ये जुनं लेथ मशीन विकायला होतं, 70 हजारांना. बँकेने जामीनदार मागितला. सख्ख्या काकाने "घरी विचारून सांगतो" म्हणून तीन आठवडे घालवले. आमच्या मंडळीत एक गृहस्थ होते, कळव्याच्या एका कंपनीत फिटर. मी त्यांना विचारलंच नव्हतं, आईने उपास-प्रार्थनेत विषय सांगितला होता. ते स्वतः सायकलवरून घरी आले.

बँकेत आम्ही तिघे बसलो होतो, मी, ते आणि साहेब. त्यांनी सही करायला पेन हातात घेतलं, टोपण काढलं, आणि मला विचारलं, "किती हप्ते?" म्हटलं 36. "तू नाही भरलेस तर मी भरू शकतो का, हे मी रात्री बसून बघितलंय. ओव्हरटाइम धरून भरू शकतो. घरात सांगितलंय. आता कर काम." मग इंग्रजीत सही केली, एकेक अक्षर सुटं, दोन मिनिटं लागली असतील.

त्या 36 महिन्यांत मी दोन वेळा उपाशी झोपलो, पण हप्ता चुकवला नाही. बँकेला घाबरून नाही. दर रविवारी ते उपासनेला भेटायचे आणि एकदाही विचारलं नाही, "भरलास का?" ते न विचारणं फार जड असायचं.

आज तळोज्यात माझ्याकडे अकरा माणसं कामाला आहेत. ते गृहस्थ 2015 मध्ये गेले. पेटी उचलायला मी होतो.

बॉटल_मसाला | संध्याकाळी 6:41

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या डॅडींनी रात्री बसून बघितलं नव्हतं. मम्मीला सही झाल्यावर आठवड्याने कळलं. एवढाच फरक होता की काय, कोण जाणे. आमचा कर्जदार तुमच्यासारखा नव्हता हाही फरक आहेच.

वकीलकाका | संध्याकाळी 7:05

"घरात सांगितलंय" हे वाक्य कायद्यात नाही, असायला हवं.

शून्य_शिल्लक | संध्याकाळी 7:10

गोष्ट छान. पण एक लेथवाला निघतो तेव्हा पाच बुडवणारे निघतात, ते इथे लिहायला येत नाहीत. येशूनेच दहा कुमारींची गोष्ट सांगितली ना? पाच शहाण्या, पाच मूर्ख. मूर्खांनी दिव्यांसाठी तेल मागितलं, शहाण्यांनी दिलं का? नाही दिलं. आम्हाला पुरणार नाही, दुकानात जा म्हणाल्या. आणि येशू त्यांना शहाण्या म्हणतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलोय, एवढं आठवतं.

रुथ_नेरूळ | संध्याकाळी 7:33

खरं सांगू? संडेस्कूलमध्ये नऊ वर्षं शिकवतेय, त्या पाच शहाण्या पोरी मला कधीच आवडल्या नाहीत. मध्यरात्री कुठलं दुकान उघडं असतं? मुलंही दर वर्षी हेच विचारतात आणि मी दर वर्षी तेच उत्तर देते, काही गोष्टी उसन्या देता येत नाहीत, स्वतःची तयारी स्वतःच करावी लागते. उत्तर बरोबर आहे. मुलांचं समाधान होत नाही, माझंही अर्धंच होतं.

पण शून्य_शिल्लक, त्या गोष्टीवरून पैशाचा नियम काढू नका. पैशाचा नियम लूक 6 मध्ये सरळ दिलाय, परत मिळायची आशा न धरता उसने द्या. माझं मत कालही हेच होतं: जामीन नको, पण हात आखडता नको. पप्पांना जमेल तेवढी रक्कम त्या माणसाला सरळ देऊ दे, 50 हजार, लाख. कर्ज तेवढं कमी होईल. गेले तर गेले, अंथरूण शाबूत.

नगरी_मामा | संध्याकाळी 8:02

रुथताई, हे पटतंय. फक्त एक सांगतो. पैसे दिले की माणूस उपकारात जातो. जामीन राहिलं की माणूस विश्वासात येतो. खारघरच्या भाऊंनी पोटाला चिमटा काढून हप्ते भरले ते 70 हजार फुकट मिळाले असते तर भरले असते का? भरायचेच नव्हते म्हणा तेव्हा.

पढतमूर्ख | रात्री 8:30

तुमच्या परंपरेतलं एक जोडपं मला या धाग्यावर सारखं आठवतंय. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई. टिळकांच्या हाती पैसा आला की कुणा गरजूला देऊन मोकळे, आणि संध्याकाळी चूल कशी पेटवायची हे लक्ष्मीबाईंनी बघायचं. त्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, बाईंनी 1900 साली. पाच वर्षं बाईंनी स्वतः बघून, तोलून घेतलं, नवरा गेला म्हणून मागोमाग गेल्या नाहीत. टिळक देवभोळे आणि बाई व्यवहारी असं म्हणतात लोक. मला तर बाईंचा विश्वास जास्त पक्का वाटतो.

ऐरोलीकर, तुमच्या मम्मीला कुणी विचारलं का?

कोपरखैरणे_फास्ट | रात्री 8:34

+1. मेथीच्या काड्या मोडणाऱ्या पक्षाचं मत आलेलंच नाही.

तलावपाळी | रात्री 8:40

धागाकर्ता कुठे आहे? का शनिवारच्या आधीच पप्पांनी घराबाहेर काढलं?

ऐरोलीकर | गुरुवार, रात्री 11:15

आहे, आहे. दोन दिवस घरात बरंच झालं, आज लिहायला बसलो.

काल रात्री वकीलकाकांचा आकडा, 8,00,820, कागदावर मोठा लिहून पप्पांच्या बायबलवर ठेवला. सकाळी त्यांनी तो घडी करून नीतिसूत्रांत खूण म्हणून घातला. म्हणजे वाचत तरी होते. मग मी नगरी_मामांचा आणि खारघर_वळण यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. "रात्री बसून बघितलंय" इथे पप्पा थांबवून म्हणाले, पुन्हा वाच. (मामा, पप्पा नेवाशाजवळचेच. त्यांनी तुमचं आडनाव विचारलंय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.)

मम्मीला विचारलं. ती म्हणाली, "माझं मत तुमच्या पप्पांना 1979 पासून माहीत आहे." एवढंच. मग स्वयंपाकघरातून, "त्या पोराची बायको माझ्याकडे रडून गेली मागच्या महिन्यात, ते कुणाला माहीत आहे का?" कुणालाच माहीत नव्हतं.

आज दुपारी पप्पा स्वतः पतसंस्थेत गेले, अर्ज बघायला. तिथल्या मॅडमनी आधार कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, काका, सत्तरीच्या वर जामीनदार चालत नाही. नोकरीतला माणूस लागतो, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप. मग विचारलं, "मुलगा आहे का तुम्हाला?"

शून्य_शिल्लक | रात्री 11:17

हाहाहाहा.

तलावपाळी | रात्री 11:19

आता कळलं हा धागा कोणाचा होता ते.

वकीलकाका | रात्री 11:24

पगारातून कापण्याचं संमतीपत्र घेतील, त्याच सहकारी संस्था कायद्याचं कलम 49. वाचल्याशिवाय सही नको. अर्जाची कोरी प्रत आधी घरी आणा. कर्जाच्या हप्त्याबरोबर दंडव्याज किती तेही बघा, ते कधीच पहिल्या पानावर नसतं.

ऐरोलीकर | रात्री 11:40

पप्पांनी मला "सही कर" असं म्हटलेलं नाही. घरी आले, चपला काढल्या, पाणी प्यायले, मॅडम काय म्हणाल्या ते सांगितलं आणि पेपर वाचत बसले. मंगळवारी मी त्यांना जे जे ऐकवलं ते सगळं आता मलाच ऐकू येतंय. ते न विचारणं जड असतं, हे खारघर_वळण यांनी लिहिलंय ते खरं आहे.

हिशेब केला. घराचा हप्ता 38 हजार, मुलीची शाळा, गाडी. 13,347 पाच वर्षं माझ्या गळ्यात पडले तर मरत नाही, पण टोचेल. बायको म्हणाली, "तू त्या माणसाला कधी दहा मिनिटं भेटलायस का? रविवारी सलाम करतोस तेवढंच." मुद्दा बरोबर आहे. त्याच्या धंद्याचं मला काय माहीत? भाजीच्या एका फेरीला काय सुटतं, डिझेल किती, मालक किती कापतो, काही नाही.

म्हणून आत्ताच त्याला फोन केला. उद्या पहाटे साडेतीनला त्याच्याबरोबर मार्केटला जातोय, टेम्पोत बसून, पूर्ण फेरी. ऑफिसला अर्धी रजा टाकली. फोनवर तो आधी घाबरला, त्याला वाटलं नाही म्हणायला फोन केलाय. पप्पा बाजूलाच होते. काही बोलले नाहीत, उठून कपाटातून त्यांचा कानटोपी-स्वेटर काढून सोफ्यावर ठेवला.

रुथ_नेरूळ | रात्री 11:46

लूक 14:28. बसून हिशेब. तुम्ही टेम्पोत बसून करा.

खारघर_वळण | रात्री 11:52

एपीएमसीत टायर आणि मागची पाटी बघून घ्या, भाड्याच्या गाडीची तो कशी काळजी घेतो त्यावरून कळतं. आणि भाजीवाले त्याला उधारी ठेवायला लावतात का रोख देतात, ते बघा. खरा प्रश्न तिथे आहे.

बॉटल_मसाला | शुक्रवार, रात्री 12:03

काय ठरतं ते लिहा नक्की. सही केलीत तर त्याच्या मागच्या बाकावर बसू नका.

तलावपाळी | रात्री 12:05

भाजी मार्केट ना? फळ मार्केटच्या गेटवरून घुसू नका, साडेतीनला तिथे ट्रकची रांग असते, सहा वाजेपर्यंत हलत नाही.